तीळ

अकरा संगणक, पैकी सात चालतात,
आणि सातव्याच्या पाठीत आधी धपाटा घालावा लागतो.
मुलं एकोणीस. तिघं तिघं बसा म्हटलं
तर दिल्मेर खिडकीच्या कठड्यावर चढून बसतो,
तिथे नेटवर्कची एक काडी जास्त येते म्हणे.
बाहेर इकितोसची दुपार, मोटोकारोंची फटफट,
पत्र्यावर मधूनच एखादा आंबा.

आज फोटो वाचायचा.
केय्ला तिच्या फोनमधला कालचा उघडते:
धाकटा भाऊ, भाजलेला मासा, निळी प्लास्टिकची खुर्ची.
आता ‘माहिती’वर बोट ठेव.
पांढरी चौकट येते, तिच्यात
तारीख, मिनिट, सेकंद, फोनचं कूळ,
आणि खाली दोन लांबलचक आकडे,
दशांशचिन्हानंतर सहा-सहा घरं.
ते नकाशात टाक.
नकाशा डुलत डुलत उतरतो:
हिरवं, मग नदीचं तपकिरी वळण, मग छपरं,
मग एकच छप्पर.
“इथे आईची चूल आहे,” केय्ला म्हणते,
आणि उगाचच फोन मांडीवर उपडा घालते.

वर्ग हसतो. हसू देते.
फोटोच्या तोंडात तीळ भिजत नाही, पोरांनो.
तुम्ही माणसाचा चेहरा झाकाल, नाव बदलाल,
आवाज जाड कराल,
आणि हा दारात बसून येईल त्याला पत्ता सांगेल.

“पण एवढं उकरत बसायला वेळ कुणाला आहे, प्रोफेसोरा?”
कठड्यावरून दिल्मेर.

असतो काही लोकांना, मी म्हणते,
आणि फळ्याकडे वळते,
फळ्यावर काही लिहायचं नसताना.

नऊ वर्षं झाली. नदीचं नाव इथेही लिहीत नाही.
होडीने दोन दिवस वर, तिथल्या एका माणसाने मला
रात्रीतून पाडलेल्या सेद्रोचे ओंडके दाखवले,
एकेकाचा घेर वितीने मोजून दाखवला,
मोजपट्टीवर त्याचा भरवसा नव्हता.
मी सगळी काळजी घेतली. अगदी सगळी.
चेहरा नाही, गाव नाही, टोपीसुद्धा काढायला लावली.
छापले फक्त हात,
लाल लाकडावर ताणलेली एक वीत.
फाईल मात्र मूळची चढवली, जशीच्या तशी,
कारण लहान केली की तो लाल रंग मरत होता
आणि मला तो फार आवडला होता.

चौथ्या दिवशी त्याच्या धक्क्याला एक होडी लागली.
वाटेत त्यांना कुणालाच काही विचारावं लागलं नव्हतं.

तो आहे. कुठे, ते सांगत नाही.
उजव्या हाताची आता वीत होत नाही.

हे वर्गात बोलले नाही.
वर्गात सांगितलं ते एवढंच: आधी प्रत काढा,
प्रतीतले आकडे पुसा, पुसले का ते परत उघडून बघा,
मग दुसऱ्याला बघायला द्या.
नेसिदाने ‘दुसऱ्याला’खाली दोन रेघा मारल्या.

पाचला वीज गेली. पोरं उड्या मारत पांगली.
दिल्मेर रेंगाळला.
“कोण होतं ते, प्रोफेसोरा?”
मी वायर गुंडाळत राहिले.
तो थोडा थांबला, मग दुसरं टोक उचलून
त्याच्या बाजूने गुंडाळायला लागला.

रात्री त्याचा गृहपाठ आला: एक फोटो.
खिडकीचा कठडा, त्यावर कुणाचा तरी तळवा.
चौकट उघडली, कोरी.
नाव बदलून पाहिलं, सावली मोजली,
काचेतलं प्रतिबिंब मोठं करून पाहिलं,
तासभर उकरत बसले.
काही म्हणजे काही हाती लागलं नाही.
रंग पार मेलेला.
पैकीच्या पैकी दिले.